जुनी जीप, जिप्सी आणि पहिली थार : पाटे, उंची आणि टायर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे आधी मारुतीची जिप्सी होती, आता महिंद्रची एमएम ५४० जीप आहे. दोन्ही सेकंडहँड, दोन्ही पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर (लीफ स्प्रिंग) बसणाऱ्या. गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकच खाज सुटते : मोठे टायर टाकायचे आणि गाडी उचलायची, म्हणजे मूळपेक्षा उंच करायची. म्हणून लोक फोन करून जे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढे चिडचिड नको. आधी गाडी तिच्या मूळ उंचीवर आणा, मग टायर निवडा, आणि उचलायची गरज उरली तरच उचला. बहुतेकांची उरत नाही.

माझी गाडी पाटे दबून बसलीय की तिची उंचीच एवढी आहे?

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, टेप घ्या. सपाट फरशीवर किंवा पेट्रोल पंपाच्या काँक्रीटवर गाडी उभी करा, चारही चाकांत हवा सारखी भरा, मागचं सामान काढा. मग चाकाच्या मधोमध, म्हणजे हबच्या केंद्रापासून, सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण त्यात टायर येतो आणि टायर बदलला की तुमचं सगळं माप फुकट जातं. चारही कोपरे मोजून कागदावर लिहा. हा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, पुढे वर्षानुवर्षं कामाला येतो.

माझ्या जीपची उजवी बाजू डाव्यापेक्षा बावीस मिलिमीटर खाली निघाली होती. कारण साधं : जीप एकटा माणूस चालवतो, तो उजवीकडे बसतो, आणि वीस-पंचवीस वर्षं तेच चालू असतं. दहा मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी दुर्लक्ष करतो. त्यापुढे गेला तर पाटे बघायचे.

दुसरी खूण एक्सल आणि चेसिसखालचा रबरी गुटका यांच्यात सापडते. तिथे किती जागा उरलीय ते हाताने चाचपून बघा. दोन बोटंही जात नसतील तर गाडी रिकामी असतानाच अर्धी बसलेली आहे. अशी गाडी प्रत्येक खड्ड्यात गुटक्यावर आपटते, आणि मालक सांगत फिरतो की जीप म्हटल्यावर हादरे बसणारच.

गाडी चांगली उंच दिसते, तरी तुम्ही पाटे मोजायला का सांगता?

कारण ती वडापात, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीत, घासलेली असू शकते. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या गाड्यांत हे फार दिसतं. दहा-बारा माणसं, टपावर पोती आणि मागच्या फळीवर लटकलेले दोघं, एवढं सगळं वाहायला मालकाने कधीतरी मागे एक-दोन जादा पाटे घातलेले असतात. गाडी विकताना ते काढत नाही कोणी. मग रिकामी गाडी मागून उंच दिसते, घेणारा खूश होतो, आणि पहिल्याच कच्च्या रस्त्यावर मागचं चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी हवेत राहतं.

गाडीखाली आडवे व्हा आणि पाटे मोजा. जादा घातलेला पाटा बहुधा ओळखू येतो. त्याचा गंज वेगळा असतो, टोक वेगळं कापलेलं असतं, आणि सगळे पाटे मधोमध एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट नवा दिसतो. चाक जमिनीला धरून राहावं म्हणून पाटा वाकायला हवा. उंच आणि कडक गाडीपेक्षा थोडी खुजी आणि मऊ गाडी घाटातल्या दगडांत जास्त पुढे जाते, हे मी खूप गाड्यांमागे चालून बघितलंय.

जुन्या पाट्यांना कमान मारून घेऊ की नवे घेऊ?

भट्टीत तापवून, कमान देऊन, परत पाणी चढवणारा कसबी माणूस जवळ असेल तर जरूर मारून घ्या. नुसत्या घणाने थंड ठोकून दिलेली कमान दिसायला झकास असते आणि पहिल्या पावसाळ्यात परत बसते. मेन पाट्याला कुठे चीर गेली असेल, विशेषतः डोळ्याजवळ (पाट्याचं टोक गोल वळवलेलं असतं तिथे) किंवा सेंटर बोल्टच्या भोकाशी, तर तो पाटा भंगारात. कमान देऊन चीर बुजत नाही.

पाटे उघडलेच आहेत तर बुश, शॅकलच्या (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याच्या) पिना आणि सेंटर बोल्ट नवे टाका. पाट्यांमधला गंज तारेच्या ब्रशने काढून ग्रीस किंवा ग्रॅफाइट लावा. माझ्या गाडीत एवढ्या एका कामाने जो फरक पडला तो महागड्या शॉकअप्सनी पडला नव्हता.

लांब शॅकल टाकले तर स्वस्तात उंची मिळेल ना?

मिळेल, पण दोन इंच लांब शॅकलने गाडी एकच इंच वर जाते. कारण पाट्याचं एकच टोक खाली सरकतं आणि एक्सल मधोमध असतो.

मागे एवढं चालून जातं. पुढे जपून. जुन्या जीपचे पुढचे शॅकल एक्सलच्या पुढे असतात, ते लांबवले की एक्सल किंचित पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. म्हणजे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचं थांबतं. साठच्या वेगात गाडी रस्ताभर फिरायला लागते. असं झालं तर एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरकी पट्टी घालून कोन परत आणता येतो. पण तेवढं करायचं असेल तर मुळात बरे पाटेच का घेऊ नयेत?

टायरवरच्या नंबरावरून उंची कशी काढायची?

शाळेतलं गणित आहे. २१५/७५ आर १५ म्हणजे टायरची रुंदी २१५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ७५ टक्के, आणि रिम १५ इंच. २१५ चे ७५ टक्के १६१ मिमी, वर-खाली मिळून ३२२, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवा. झाले ७०३ मिमी. याच रीतीने काढलेले आपल्या कामाचे आकडे असे :

जिप्सीचा २०५/७० आर १५ साधारण ६६८ मिमी. बोलेरोचा २१५/७५ आर १५ साधारण ७०३. पहिल्या थारचा २३५/७० आर १६ साधारण ७३५. लोकांचा लाडका २३५/७५ आर १५ साधारण ७३३. आणि ३१ इंची म्हणतात तो ७८७.

जीपचा जुना ६.००-१६ वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. सहा इंच रुंदी आणि सोळाची रिम, उंची ७३० च्या आसपास. १९४१ च्या विलिस जीपला हाच साइझ होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, त्यानंतर कितीतरी दशकं आपल्याकडच्या जीपना तोच राहिला.

एवढं लक्षात ठेवा की टायरची उंची जितकी वाढते त्याच्या निम्मीच गाडी वर जाते. आणि डिफचा (डिफरन्शियलचा, एक्सलच्या मध्यावरच्या गिअरपेटीचा) गोळा जमिनीपासून वर न्यायचा असेल तर तो फक्त टायरनेच जातो. पाटे, शॅकल, लिफ्ट किट यांनी चेसिस उचलली जाते, डिफ तिथेच राहतो. दगड आधी डिफलाच लागतो.

जीपला बोलेरोचे टायर आणि रिम बसवलेत. गाडी भारी दिसते, पण खाली का घासते?

वरचेच आकडे बघा. ७३० च्या जागी ७०३ आला. गाडी तेरा-चौदा मिलिमीटर खाली गेली, सोबत डिफही. रुंद टायरमुळे गाडी दणकट दिसते, एवढंच. दर दोन महिन्यांनी मला हा फोन येतो आणि प्रत्येक वेळी समोरचा म्हणतो, "नाही हो, मोठे टाकलेत."

मूळ रिमवर रेडियल चढवायची घाई पण नको. ६.००-१६ ची मूळ रिम अरुंद असते, साडेचार इंची. २३५ च्या टायरला निदान सहा इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढतो, हवाही धरतो, पण मधून फुगतो. मधली नक्षी आधी झिजते आणि वळणावर भिंत लोळते.

जिप्सीला २३५/७५ आर १५ बसतो का?

उभ्या गाडीला बसतो. चालत्या गाडीला नाही.

स्टिअरिंग पूर्ण कापलं की पुढचा टायर मागच्या बाजूने मडगार्डला आणि आतून पाट्याला लागतो. जिप्सीची मूळ रिम साडेपाच इंची, म्हणजे या टायरला तीही अरुंदच. दोन इंच उंची आणि योग्य रिम असेल तर हा टायर जिप्सीवर शोभतो, मी स्वतः वापरलाय. पण बाकी काही करायचं नसेल तर २१५/७५ आर १५ घ्या. मूळ रिमवर चालतो, गाडी अठरा मिलिमीटर वर जाते आणि इंजिनाची दमछाक होत नाही. जिप्सीच्या लहान पेट्रोल इंजिनाला घाटात मोठं चाक ओढताना ऐकलंय का? दुसऱ्या गिअरमध्ये रडते बिचारी.

टायर घासतो की नाही हे विकत घ्यायच्या आधी कसं कळेल?

मित्राचे टायर एका रविवारी उसने घ्या. बाकी सगळे अंदाज असतात.

टायरच्या दोन्ही खांद्यांवर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, पांढऱ्या खडूने गोल पट्टा ओढा. आता पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक फूटभर उंच कशावर तरी चढवा. आम्ही बांधकामावरचे काँक्रीटचे ठोकळे वापरतो. विटा नाही, विटा फुटतात. गाडी अशी पिळली की एका चाकाचा पाटा पूर्ण दबतो, दुसऱ्याचा सुटतो. या अवस्थेत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मग गाडी उतरवून उलट कोपऱ्यांवर तेच करा.

आता टॉर्च घेऊन आत बघा. मडगार्डच्या आत, पाट्यावर, शॉकअपच्या नळीवर, ब्रेकच्या रबरी पाइपवर कुठे खडू लागलाय? ब्रेकच्या पाइपला लागला असेल तर तो टायर तुमच्यासाठी नाही, विषय संपला. पाट्याला पुसट लागला असेल तर नकलवरचा (एक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या भागावरचा) स्टिअरिंगचा थांब बोल्ट अर्धा-एक आटा बाहेर काढून भागतं. मात्र वळायला जागा जास्त लागेल. आमच्या गल्लीत मला आता तीनदा पुढे-मागे करावं लागतं.

आतून घासतो म्हणून स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि रिममध्ये घालायची चकती) टाकू का?

टाकलेत मी, आणि काढलेतही. ताम्हिणीतून उतरताना मागून टकटक ऐकू आली. थांबून बघितलं तर डाव्या चाकाच्या पाच नटांपैकी तीन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. चूक माझीच, बसवल्यावर परत आवळले नव्हते. पण त्यानंतर माझी झोप उडाली ती उडालीच.

चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिच्यावर) ओढ वाढते, आणि खड्डा लागला की स्टिअरिंगला हिसका बसतो. त्यापेक्षा योग्य ऑफसेटची (चाक किती आत-बाहेर बसतं त्या मापाची) रिम घ्या. जुनी जीप आणि जिप्सी दोन्हींचं पाच बोल्टांचं वर्तुळ १३९.७ मिमी, म्हणजे साडेपाच इंचांचं, त्यामुळे रिम मिळायला अडचण नसते. फक्त मधलं भोक हबवर नीट बसतंय ना हे बघूनच पैसे द्या.

जिप्सीचा एक्सल पाट्याखाली घेतला तर?

जिप्सीत मुळात पाटा एक्सलच्या खालून जातो. तो वर घेतला की गाडी पाचेक इंच उचलली जाते, शिवाय पाटा दगडांपासून वाचतो. फोटोत फार छान दिसतं.

आता दुसरी बाजू. जिप्सी जेमतेम १,५४० मिमी रुंद आहे. एवढ्या अरुंद गाडीचं वजन पाच इंच वर नेलं की आडव्या उतारावर ती कधी कलंडेल ते सांगता येत नाही. पाट्याच्या नव्या बैठका एक्सलवर वेल्ड कराव्या लागतात, आणि त्या वेल्डवर तुमचा जीव असतो. स्टिअरिंगचा रॉड तिरका होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक स्वतःहून वळतं. जोरात क्लच सोडला की मागचा एक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो. स्पर्धेच्या गाडीला ठीक आहे, तिला रोल केज असतो. घरच्या गाडीला मी नाही करणार, आणि ज्या गाडीत पोरं बसतात तिला तर मुळीच नाही.

दोन इंच उचलल्यावर आणखी काय काय बघायचं?

ब्रेकचा रबरी पाइप सगळ्यात आधी. माझी जीप एका गॅरेजने उचलून दिली, चालवून बघितली, पैसे घेतले. घरी येऊन चेसिसला जॅक लावला आणि एक्सल लटकू दिला, तर पुढचा पाइप वीणेच्या तारेसारखा ताणलेला. रस्त्यावर काही कळलं नसतं. चाक एखाद्या चरात उतरलं असतं तेव्हा कळलं असतं. लांब पाइप टाकायला अर्धा तास लागला.

मग शॉकअप. एक्सल पूर्ण लटकला की वजन शॉकअपवर येता कामा नये, आणि पूर्ण दबला की रबरी गुटका आधी लागला पाहिजे, शॉकअपचं बूड नाही. त्यानंतर प्रोपेलर शाफ्ट. कोन वाढला की क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) लवकर जातो, आणि चाळीस-पन्नासच्या वेगाला बुडाखाली घरघर सुरू होते. स्टिअरिंगचं चाक सरळ रस्त्यावर वाकडं झालं असेल तर घाबरू नका, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) जुळवून घेतली की सरळ होतं. हेडलाइट खाली करा. हे सगळे विसरतात आणि समोरचे शिव्या देतात.

पहिल्या थारला पुढे पाटेच नाहीत. तिचं काय?

२०१० ला आलेल्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा आहे, मागे पाटे. साध्या डीआय मॉडेलला मात्र पुढेही पाटेच. टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की पुढून गाडी वर येते, एक रुपया लागत नाही. म्हणून सगळे आवळतात. पण त्याने चाकाची हालचाल वाढत नाही, फक्त ती वरच्या बाजूला सरकते. चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही, आणि सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना फिरवणारे सांधे) कायम तिरके फिरून त्यांची रबरं फाटतात. वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्याच, नाहीतर टायरची एक बाजू पाच हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत.

मोठे टायर टाकल्यापासून साठला स्टिअरिंग थरथरतं.

टायरने आजार दाखवला, आजार आधीचाच होता. किंगपिनचं बेअरिंग, टाय रॉडचे एंड, पाट्याचे बुश. पुढचं चाक जॅकवर घ्या, वरून-खालून धरून हलवा. खटखट लागली तर किंगपिन किंवा हबचं बेअरिंग. स्टिअरिंग डॅम्पर बदलून थरथर दबते, जात नाही. तो इलाज म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फेकण्यासारखं.

स्पीडोमीटर चुकतो का?

हो. जिप्सीवर २१५/७५ असेल तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ला असते, २३५/७५ असेल तर जवळपास ६६ ला. किलोमीटरही त्याच प्रमाणात कमी नोंदतात. त्यामुळे अ‍ॅव्हरेज खरं असतं त्याहून आणखी वाईट दिसतं.

आरटीओला चालतं का हे सगळं?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

बसलेले पाटे बदलून मूळ उंचीवर आणणं ही दुरुस्ती आहे, तिला कोणी काही म्हणत नाही. पाच इंच उचललेली, मडगार्डच्या बाहेर चार बोटं टायर आलेली गाडी दुरून दिसते. आपल्या बऱ्याच गाड्या पंधरा वर्षांच्या पुढच्या आहेत, त्यांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांनी तपासणीला उभं राहावं लागतं. मूळ रिम आणि टायर विकू नका, माळ्यावर ठेवा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

चिखलाला रुंद टायर चांगला की अरुंद?

चिखल कुठला ते सांगा. मावळात, कोकणात वरचा चिखल चार-सहा बोटं आणि खाली मुरूम किंवा जांभा. तिथे जुना अरुंद ६.००-१६ चिखल कापत खाली जातो आणि कडक जमीन पकडतो. रुंद टायर वरच्या वर तरंगत घसरतो. मराठवाड्यातल्या काळ्या रानात मात्र खाली कडक काही नाहीच, तिथे रुंद टायर जरा बरा. खरं तर पाऊस पडल्यावर काळ्या रानात जाऊच नये. ती माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरते, आणि चाक फिरायचंच थांबतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात मोकळी जागा का हवी ते त्या दिवशी समजतं.

हवा कमी करायची तर ट्यूबलेस रेडियल अठरा-वीस पीएसआयपर्यंत न्या. ट्यूबच्या टायरमध्ये एवढी कमी करू नका. टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून फाटतो. डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरा, मग चहा.

स्टेपनी जुनीच ठेवली तर चालेल?

तात्पुरती, मागच्या चाकाला, फोर बाय फोर न लावता गावापर्यंत यायला चालेल. फोर बाय फोर लावलं की पुढचे-मागचे एक्सल एकमेकांना बांधले जातात, आणि चाकांची उंची वेगळी असेल तर ट्रान्सफर केसमध्ये ताण साचतो. मग लिव्हर निघता निघत नाही. पाचही टायर एकाच वेळी घ्यायचे पैसे नसतील तर थांबा आणि पुढच्या बोनसला पाच घ्या. घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा : ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. टायर नवा दिसतो म्हणून नवा असतोच असं नाही.

सगळं बसवून झालं. आता?

पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट जुनेच परत लावले असतील तर उतरवा, ते एकदाच ताणायचे असतात. नवे लावून पन्नास किलोमीटर गाडी चालवा, परत आवळा. पाचशेला पुन्हा एकदा. चाकांचे नट तसेच, आणि नटाला रंगाची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे सरकला तर न वाकता दिसेल. आणि डॅशबोर्डमधला तो कागद काढून चारही कोपरे परत मोजा. नव्या पाट्यांची उंची पहिल्या महिन्यात थोडी उतरते. माझी नऊ मिलिमीटर उतरली आणि तिथे थांबली.